डिसमिसचा अर्ज

पार्ल्यातल्या आमच्या तीस वर्षं जुन्या सोसायटीत १९८४ साली दुसऱ्या मजल्यावरच्या जयंतीबाई सोमणांच्या स्वयंपाकघरातलं बटण तापू लागलं. मी सेक्रेटरी, म्हणून त्यांनी मला तोंडी सांगितलं. तोंडी सांगितलेलं काहीही आमच्या सोसायटीत तापत नाही. मी लेखी अर्ज मागवला.

"अरे विद्याधर, मी एकटी राहते. आग लागली तर जाऊ कुठे?"

"अर्जात तेही लिहा," मी म्हणालो.

पाहणीसाठी अध्यक्ष श्यामकांत स्वतः आले. त्यांनी बटणाला बोट लावलं.

"कोमट आहे."

"मग बोट तोंडात का घातलंत?" बाईंनी विचारलं. इतिवृत्तात याची नोंद नाही.

शेवटी बाईंनी लवू वायरमनला बोलावलं. त्यानं बोर्ड उघडून आत पाहिलं. "इस्क्रू ढिलो झालो हा, म्हणान तापता. पाच मिन्टाचा काम." आणि त्यानं खिशातून डिसमिस काढला.

मी त्याचा हात धरला. नियम स्पष्ट आहे: भिंतीबाहेरचं ते सभासदाचं, भिंतीच्या आतलं ते सोसायटीचं. म्हणजे स्क्रू सोसायटीचा. त्याला सोसायटीचाच डिसमिस लागणार, आणि तो कपाटात, कुलूपबंद. लवूनं माझ्याकडे बघत आपला डिसमिस खिशात घातला. "सायबानु, ढिलो इस्क्रू खंयचो, ता माका आता कळला," म्हणत तो निघून गेला.

बाईंनी तिथल्या तिथे दुसरा अर्ज लिहिला: 'बटण फार तापते. तरी तातडीने डिसमिस मिळावा, ही विनंती.'

पंधरा दिवसांनी कमिटी बसली. श्यामकांतांनी अर्ज वाचला आणि त्यांना भरून आलं. "अर्जदार स्वतःच डिसमिस मागतात. इतका समजूतदार सभासद विरळा." अर्ज सर्वानुमते डिसमिस झाला. बाईंना काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. पण ठराव झाल्यावर अर्थ काढत बसणं सेक्रेटरीला शोभत नाही.

गुरुवारी बोर्ड पेटला. बाईंनी धावत जाऊन मेन स्विच पाडला म्हणून वाचल्या. भिंत काळी झाली, उजवा तळहात भाजला. मला खरंच वाईट वाटलं, आणि तसं मी लेखी कळवलं.

मग खबरदारी म्हणून परिपत्रक काढलं: आपल्या घरचं एखादं बटण तापतं का, ते हात लावून पाहून कळवावं. बाई सोडून सत्तावीस बिऱ्हाडं. संध्याकाळपर्यंत सत्तावीस उत्तरं आली: 'नाही.' चौकशी केली, तर बटणाला हात लावायला एकही सभासद जागचा उठला नव्हता.

हसताय काय? इथवर वाचलंत, तुम्ही तरी कुठे उठलात?