सव्वीस ग्रॅमची पाटी

इजिप्तमधल्या तांता शहरातल्या त्या गल्लीत, बदावीकाकांच्या बाकल्याच्या, म्हणजे वालासारख्या कडधान्याच्या, हातगाडीपाशी, उस्ताद लुत्फी आले की लोक आपोआप सरकत. चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाला गर्दी वाट देतेच. त्या गर्दीतल्या निम्म्यांचे कान त्याच्या हाताला ओळखत असतात. त्या सकाळी मात्र सरकायला कुणी नव्हतंच.

"समोर बघा, उस्ताद," तांब्याच्या हंड्यात डाव बुडवत बदावीकाका म्हणाले. "कोंबडीवाल्यानं पाटी लावलीय. शंभर ग्रॅमला सत्तावीस ग्रॅम प्रथिनं. व्यायामशाळेची पोरं गेली की सगळी तिकडं. मी रात्रभर मंद आचेवर बाकला शिजवायचा, आणि हे विचारणार, काका, ह्यात ग्रॅम किती? मला डाव मोजता येतात."

"काळजी सोडा. पाटी मी लिहून देतो."

"तुमच्या नावानिशी लिहा. तुमचं नाव बघितल्यावर कुणी शंका काढणार नाही."

उस्तादांनी घरी जाऊन अन्नघटकांचं जाडजूड पुस्तक काढलं, 'बाकला' शोधला आणि तैलरंगानं सुबक अक्षरात पाटी रंगवली : 'बदावींचा शिजवलेला बाकला. शंभर ग्रॅमच्या बशीत प्रथिने सव्वीस ग्रॅम, तंतू पंचवीस ग्रॅम, लोह जवळजवळ सात मिलिग्रॅम. – उस्ताद लुत्फी, विज्ञान शिक्षक (निवृत्त).'

आठवडाभरात पोरं परतली. पूर्वी बशी मागणारी आता ग्रॅम मागू लागली. "काका, बावन्न ग्रॅम द्या, लिंबू जास्त." सज्ज्यांतून दोरीला बांधलेल्या टोपल्या सकाळी एकदा उतरायच्या, त्या दोनदा उतरू लागल्या. चौथ्या मजल्यावरच्या उम्म सय्यदनं लोहासाठी गरोदर सुनेला तिन्ही त्रिकाळ बाकला लावला. सून उस्तादांना पाहिलं की तोंड फिरवी. बदावीकाकांनी उस्तादांसाठी गाडीशेजारी खुर्ची ठेवली. उस्ताद तिच्यावर पाटीखाली बसत आणि मान थोडी वर धरत.

गुरुवारी त्यांच्या पत्नी, समीहाबाई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, एक वाटी कोरडा बाकला भिजवून शिजवला तर किती होतो?"

"तीन वाट्या होतो. पाणी शोषून घेतो तो."

"म्हणजे वाढतो तो पाण्यानं."

"अर्थात."

"मग तुमच्या पाटीवर पाणी कुठंय?"

उस्तादांनी पुस्तक उघडलं. वरची ओळ : बाकला, कोरडा – सव्वीस. तिच्या अगदी खाली, बोटभर अंतरावर : बाकला, शिजवलेला – साडेसात आणि वर चिमूटभर. त्यांनी पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं. ओळ जिथल्या तिथं होती.

चूक कुणाच्याही हातून होते; पण उस्ताद लुत्फींनी चौतीस वर्षं हे वाक्य एकाही मुलाला उच्चारू दिलं नव्हतं. तक्त्यातली चुकीची ओळ वाचणाऱ्याला ते सरळ शून्य देत. एका पोरानं पाण्याच्या जागी मद्यार्काची ओळ वाचून पाणी अठ्ठ्याहत्तर अंशांना उकळवलं होतं. दोन गुणांसाठी त्याचं वर्ष गेलं. त्याची आई घरी येऊन रडली, तेव्हा उस्ताद म्हणाले होते, "बाई, ज्याला ओळ धरता येत नाही त्याच्यावर उद्या कोण विसंबेल?"

"जाऊन सांगून टाका," समीहाबाई म्हणाल्या.

"सांगणारच आहे. आधी पुसतो."

दुपारी गाडीवर सामसूम असताना उस्ताद टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं घेऊन गेले. बदावीकाकांनी पाटीवर काच बसवून घेतली होती.

"धूळ पुसायला आलात?" काका गहिवरले. "तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत आता."

उस्तादांनी काच पुसली. आकडा जास्तच स्वच्छ दिसू लागला.

शनिवारी सकाळी ऐन गर्दीत, कोंबडीवाल्याच्या तक्रारीवरून, अन्न निरीक्षक आला. हातात वही, काखेत तक्त्यांचं पुस्तक. त्याला पाहताच उस्तादांनी हातातला घास बशीत परत ठेवला. हाच तो अठ्ठ्याहत्तर अंशांचा एहाब.

"उस्ताद." एहाबनं हात छातीवर ठेवून मान लववली. "पाटी तुमची आहे म्हटल्यावर तपासायची लाज वाटते. पण तक्रार आहे." त्यानं पुस्तक उघडलं, बोट फिरवलं, थांबवलं. "बाकला. सव्वीस. पंचवीस. बरोबर आहे." आणि पाटीच्या कोपऱ्यात काचेवर सरकारी शिक्क्याचा कागद चिकटवून टाकला.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. समोरच्या कोंबडीवाल्यानं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. गप्प राहण्यासाठी याहून बरी वेळ कुठल्याही माणसाच्या आयुष्यात येत नाही, आणि नेमके तेव्हाच उस्ताद उठले.

"चूक आहे," ते म्हणाले. वर्गातला आवाज कुठं गेला कळेना. "ती ओळ कोरड्या बाकल्याची आहे. शिजवल्यावर साडेसातच उरतात. माझी ओळ चुकली. लोकहो, मला माफ करा."

एक टोपली अर्ध्यावर लोंबकळत राहिली.

एहाबनं पुस्तक पुन्हा उघडलं. बोट एक ओळ खाली सरकलं आणि तिथंच राहिलं. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, अगदी शाळेत व्हायच्या तशा. मग त्यानं पुस्तक अलगद मिटलं.

"उस्तादांना ऊन लागलंय," तो मोठ्यांदा म्हणाला. "पाणी आणा कुणीतरी."

"वय झालं बिचाऱ्यांचं," उम्म सय्यद सज्ज्यातून म्हणाली. "परवा टर्पेंटाइन घेऊन काच पुसत होते."

"साडेसात म्हणे," एक पोरगा आपला दंड चाचपत म्हणाला. "मग हे काय पाण्यानं फुगलंय?"

बदावीकाकांनी उस्तादांना धरून खुर्चीत बसवलं आणि टोपीनं वारा घातला. "असं जिवाला लावून घेऊ नका. तुमची चूक होईल का कधी?"

जाताना एहाब कानाशी वाकला. "त्या वर्षी मला नापास केलंत," तो हळूच म्हणाला, "त्यात तुमचं काही चुकलं नव्हतं, उस्ताद." आणि मागं न बघता निघून गेला.

त्यानंतर उस्तादांनी आणखी दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा लोकांनी त्यांना पाणी पाजलं.

आता ते रोज सकाळी पाटीकडं पाठ करून बसतात आणि मान खाली घालून शंभर ग्रॅमच्या साडेतीन बशा बाकला संपवतात. गल्लीला वाटतं, म्हातारा प्रकृतीला जपतोय. डॉक्टरांनी पोटफुगीची गोळी दिली आहे.

"अहो," समीहाबाई तिसऱ्या मजल्यावरून टोपली सोडता सोडता विचारतात, "झाले का सव्वीस?"

"अर्धी बशी राहिलीय," उस्ताद वर न बघता म्हणतात.