राहीबाईंचा थोरला स्ट्रायकर

"यंदा कप मिरजेतच! लिहून घ्या!" सतारमेकर सरफराजने दुकानात उभं राहून घोषणा केली, तेव्हा अर्धवट पॉलिश केलेल्या चार भोपळ्यांखेरीज ऐकायला कुणी नव्हतं. पण घोषणेत दम होता! त्याच्या फुटबॉल क्लबाने यंदा थेट घानाचा स्ट्रायकर आणला होता.

स्ट्रायकरचं नाव कोजो, वय एकतीस. सात वर्षांपूर्वी एक बॅग आणि बुटांचे दोन जोड घेऊन तो भारतात उतरला. गोव्यात खेळला, कोलकात्यात खेळला, केरळात भातकापणी झालेल्या शेतातसुद्धा खेळला. मग गुडघा दुखावला, करार संपला आणि गडी मिरजेला येऊन पोचला. आता सांगलीविरुद्धची फायनल बघायला पुण्याच्या एका मोठ्या क्लबाचे कोच येणार होते. कोजो चमकला तर दोन वर्षांचा करार, नाही चमकला तर परतीचं विमान!

मिरजेत ठेवला तर रोज कुणीतरी त्याला बिर्याणीला नेणार आणि गड्याचं पोट सुटणार, असा दूरदर्शी विचार करून सरफराजने त्याला सांगलीत, विश्रामबागेत खोली बघून दिली. घरमालकीण राहीबाई, नवरा फौजेत. खोली हवेशीर आहे का, नळाला पाणी येतं का, गल्ली शांत आहे का, सगळं त्याने विचारलं. घरात आणखी कोण राहतं, एवढंच विचारायचं राहिलं!

फायनलच्या सकाळी तो कोजोला न्यायला गेला, तर अंगणात राहीबाई दोन गड्यांना शेजारी शेजारी बसवून मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढत होत्या. एक कोजो. आणि दुसरा? सांगलीच्या टीमचा गोलकीपर गुंडा!

"ह्यो... ह्यो हितं काय करतोय?" सरफराजचा आवाज बेसूर झाला.

"आवं, माझा ल्योक हाय की! ह्यो धाकला," राहीबाईंनी गुंडाकडे बोट दाखवलं, मग कोजोकडे वळवलं, "आन् ह्यो थोरला."

थोरल्याच्या मनगटावर राखी होती. गुंडाच्या बहिणीने, राजनंदिनीने बांधलेली.

"सरफराजभाई, टेन्शन न्हाई," कोजो म्हणाला. मराठी तो राहीबाईंच्या चुलीपाशीच शिकला होता. "मी प्रोफेशनल हाय. गोल मारनार."

"मार बाबा. पर धाकल्याला लागू देऊ नगंस," राहीबाई म्हणाल्या.

"व्हय, आई."

सरफराजने कपाळाला हात लावला. मग हात जोडले. "मावशी, पाया पडतो तुमच्या. आज मैदानात एक शब्द बोलू नका. पुण्याचे साहेब येनार हाईत. ह्याचं आयुष्य हाय त्याच्यावर!"

"न्हाई बोलत. देवाशपथ!"

शपथ त्यांनी पाळली. पण शपथ तोंडाची होती, डोळ्यांची नव्हती! बरोबर गोलच्या मागे त्या पदर तोंडात धरून बसल्या. कोजोने दोघांना चकवलं, गोलसमोर आला, मागे आईचे डोळे दिसले आणि पठ्ठ्याने बॉल उलटा मागे दिला! दुसऱ्यांदा सहा फुटांवरून असा उडवला की बॉल कंपाउंडबाहेर रिक्षात जाऊन बसला. तिसऱ्यांदा मात्र गोळीसारखा शॉट मारला. गुंडाने झेप घेऊन अडवला, पण त्याचा गुडघा खरचटला. झालं! बॉल सोडून कोजो त्याची माती झटकायला धावला!

"लागलं काय रं?"

"न्हाई रं दादा, तू खेळ की!"

सरफराज खुर्चीवर चढून ओरडत होता. पुण्याच्या कोचांनी पेनाला टोपण लावलं.

शून्य-शून्य. शेवटच्या मिनिटाला मिरजेला पेनल्टी मिळाली. कोजोने बॉल ठेवला. हा चुकला की संपलं, हे त्याला माहीत होतं, सगळ्या मैदानाला माहीत होतं. श्वास रोखून सगळे बघत असताना राहीबाईंचा बांध फुटला.

"गुंड्या! सरक की बाजूला! थोरल्याच्या नोकरीचा सवाल हाय!"

गुंडाने जन्मात आईचा शब्द मोडला नव्हता. तो सरकला! सरकत सरकत खांबाला जाऊन चिकटला. अख्खा गोल मोकळा! डोळे मिटून मारला असता तरी गेला असता. पण कोजोला वाटलं, धाकट्याची फजिती करून नोकरी नको! त्याने नेम धरून बॉल सरळ गुंडाच्या अंगावर मारला. आणि चुकून अडवला जाऊ नये म्हणून गुंडाने पाठ फिरवली! बॉल पाठीवर आदळला, खांबावर आपटला आणि गपकन जाळ्यात!

मिरजकर मैदानात घुसले. कोचांनी मात्र दोघांना बाजूला घेतलं.

"एकाचा वेग बघितला, दुसऱ्याची झेप बघितली. दोन्ही पसंत! पण तुम्हांला समोरासमोर खेळवणं हा खेळाचा अपमान आहे," ते कडाडले. "दोघांनाही घेतो. एकाच टीममध्ये!"

सात वर्षं एकट्याने खोल्या बदलणारा तो धिप्पाड गडी राहीबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. त्याही रडल्या. मिरजकर कप विसरून त्यांच्याभोवती जमले.

दुसऱ्या दिवशी पेपरात भलामोठा फोटो आला. मधे राहीबाई, दोन बाजूंना दोन लेक. उजव्या कडेला कपाचा एक कान आणि त्याच्याजवळ कुणाचातरी कोपर. तो कोपर आपलाच आहे, असं सरफराज हल्ली सतार घ्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बाही वर करून दाखवतो!