बिनतव्याच्या लाह्या

शेजारचे म्हादूअण्णा घरात छत्री उघडून बसलेले दिसले, की समजावं, मशीन सुरू आहे. जावयानं दिवाळीत दिलेलं पॉपकॉर्नचं मशीन. विजेवर चालणारं, खालून गरम वारं सोडणारं. त्यात मका टाकला, तर कसा शहाण्यासारखा फुटून परातीत पडतो. पण अण्णांना मका नको. अण्णांना त्यात ज्वारीच्या लाह्या फोडायच्या! ज्वारी बिचारी हलकी. निम्मे दाणे न फुटताच उडायचे, ते तापलेले थेट अण्णांच्या टकलावर. म्हणून छत्री.

"सूनबाई, या बघाया, आजचा घाना लई भारी!" अशी भिंतीवरून हाक यायची. हातातलं काम टाकून मी जायचं, फळीवरच्या, देवांमागच्या, अण्णांच्या बंडीतल्या लाह्या वेचायच्या आणि वर "छान" म्हणायचं. सगळा आषाढ मी हेच केलं. माझ्याइतक्या करपलेल्या लाह्या अख्ख्या शिनोलीत कुणी खाल्ल्या नसतील.

हा उद्योग चालला होता नागपंचमीसाठी. काकू गेल्यापासून अण्णा एकटेच. आदल्या पंचमीला लेक सुलू आली, ती चहा पिऊन लगेच नारायणगावला सासरी परत. "आई असती तर लाह्या तरी खाल्ल्या असत्या," एवढंच म्हणाली. ते अण्णांच्या जिवाला लागलं. यंदा तिला ताज्या लाह्या खाऊ घालायच्या आणि एक दिवस तरी ठेवून घ्यायचंच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

"पण अण्णा, पंचमीला तवा ठेवत नाहीत," मी म्हटलं.

"तवा कुठं हाय? चूल न्हाई, इस्तू न्हाई. नुसतं वारं हाय! नागोबाला वाऱ्याचं काय वावडं?"

घ्या! देवळातल्या गुरवालाही त्यांनी हेच ऐकवलं होतं.

पंचमीला सुलू आली आणि लाईट गेली. मेलं लोडशेडिंग! अण्णा बगलेत छत्री, हातात चाळण घेऊन मशीनपाशी तयारीत बसलेले. ते ध्यान बघून सुलू हसून हसून लोळली. मग बापलेकीच्या गप्पा सुरू झाल्या. वर्षभरात त्या घरातून एवढा आवाज मी ऐकला नव्हता. चारची एसटी जवळ आली, तशी ती पिशवी भरायला लागली.

"लाह्या खाल्ल्याबिगर जायाचं न्हाई," अण्णा म्हणाले. "येईल आता लाईट."

साडेतीनला आमच्याकडं लाईट आली. मला इतका आनंद झाला, की सांगायला धावतच गेले. बघते तर ओसरीवर अण्णा उभे, हात मेन स्विचवर आणि स्विच खाली ओढलेला. सगळ्या आळीत लाईट आली होती, अण्णांनी फक्त आपल्या घरात येऊ दिली नव्हती.

आतून सुलूनं विचारलं, "अण्णा, आली का हो लाईट?"

"कुठली येती! आता एकदम रातच्यालाच. ऱ्हा की गं आजची रात."

आणि माझ्याकडं असं बघितलं, की बाई गं, मीही मान डोलावली. आत पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सुलू म्हणाली, "बरं, राहते."

तेवढ्यात आमच्या घरात कुणीतरी टीव्ही लावला आणि तो मोठ्यानं गायला लागला. मी पदर खोचून पळाले आणि आधी तो बंद केला.