मंगळवारची ताजी अंडी

"उद्या माझं लेक्चर ऐकून चंद्रप्रकाश सर स्वतःची खुर्ची पुसून मला बसायला देतील, बघ तू आई," प्रज्योतने जेवताना जाहीर करून टाकलं. वेसाव्याच्या कोळीवाड्यातला हा पोरगा प्राणिशास्त्रात एमएस्सी झालेला. अंधेरीतल्या चंद्रप्रकाश सरांच्या क्लासमध्ये तो हंगामी शिकवत होता आणि उद्याच्या लेक्चरवर त्याची कायमची नोकरी ठरणार होती. विषय दोन: प्राण्यांच्या गर्भाची पहिली वाढ आणि परिसंस्था. सरांनी तर बाहेर फलकच लावला होता, 'जिवंत गर्भ प्रत्यक्ष पाहा!'

म्हणून आठवडाभर प्रज्योतने अंडी उबवली होती. आई सगुणा अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची, तिची जास्तीची थर्माकोलची पेटी त्याने मागून घेतली, आत बल्ब लावला आणि रोज थोडी गावठी अंडी ठेवत गेला. कुठलं कधी ठेवलं ते कळावं म्हणून प्रत्येकावर पेन्सिलने वार लिहिला. बुधवारच्या अंड्यात नुसता ठिपका, मंगळवारच्यात लाल शिरांचं जाळं, त्याआधीच्यात काळा डोळा. एका तासात सगळ्या पायऱ्या दाखवायच्या, असा बेत. बेत झकासच होता हो, त्याबद्दल कोणी काही बोलायचं कारण नाही.

सकाळी दाराशी दोन पेट्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही निळ्या दोरीने बांधलेल्या. आता ज्याला कायमची नोकरी लागणार, त्याने आईला ओझं उचलू द्यायचं का? "तू बस रिक्षात, मी ठेवतो पेटी," म्हणत लाडक्या लेकाने आईच्या पायाशी पेटी ठेवली आणि दुसरी घेऊन स्वतः क्लासला निघाला. पेटी जड लागली तेव्हाच त्याने थांबायला हवं होतं. पण उबेसाठी आत गरम पाण्याच्या पिशव्या ठेवल्यात, त्यांचंच वजन असेल, असं शहाण्याने ठरवलं.

वर्ग भरला. मागच्या बाकावर चंद्रप्रकाश सर हाताची घडी घालून बसले. प्रज्योतने जादूगाराच्या थाटात दोरी सोडली, झाकण उघडलं आणि आत पाहिलं. बर्फ. बर्फावर एक सुरमई, थोडे बांगडे आणि मांदेलीचा ढीग.

पहिल्या बाकावरच्या समीक्षाने नाकाला रुमाल लावला. "सर, हे गर्भ आहेत?"

"आज आपण आधी परिसंस्था घेऊ," प्रज्योत म्हणाला. वाट लागली होती, पण पोरगा कोळ्याचा. मासा समोर आल्यावर त्याची जीभ आपोआप सुटली. पाण्यातलं बारीक शेवाळ कोण खातं, त्या खाणाऱ्याला मांदेली कशी गट्टम करते, मांदेलीवर सुरमई कशी जगते, हे त्याने मासे मांडून दाखवलं. मग सुरमईचं पोट कापलं, तर आतून अख्खी मांदेली निघाली. पोरांनी बाकं वाजवली. एका बांगड्यात गाबोळी सापडली, तीही त्याने उंच धरली. "हीसुद्धा अंडीच. पण यांना नराचं बीजच मिळालं नाही, म्हणून पुढची वाढ नाही."

"ते ठीक आहे," सर मागून म्हणाले. "जिवंत गर्भ कुठाय? उद्या पालक मला विचारतील, तेव्हा काय बांगडा दाखवू?"

प्रज्योतने सुरमई उगाच उलटी करून ठेवली. तेवढ्यात सरांचा फोन वाजला. पलीकडे त्यांच्या पत्नी कुंदाताई, सगुणाच्या रोजच्या गिऱ्हाईक, त्याही व्हिडिओवर, आणि आवाज सगळ्या वर्गाला ऐकू जाईल एवढा. "अहो, सगुणाकडे आज मासे नव्हते, अंडी होती. म्हणाली, ताई, वार टाकलेली आहेत, मंगळवारची एकदम ताजी. अंड्याचा पोळा करायला वाटीत एक फोडलं, तर आत काहीतरी हलतंय!"

झालं होतं असं, की सगुणाने बाजारात पेटी उघडली, लेकाला फोन लावला, त्याचा फोन बंद. आता मांडलेला धंदा उठवून रिकाम्या हाताने परत जाईल, ती सगुणा कसली? तिने अंडी पाटीवर रचली आणि ओरडायला लागली.

प्रज्योतने सरांच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावला. "मॅडम, वाटी हलवू नका. मोबाइल जरा जवळ धरा. मुलांनो, इकडे या लवकर. हा लाल ठिपका दिसतोय? धडधडतोय बघा. अजून पंख नाहीत, चोच नाही, पण हृदय सुरू झालंय. त्याच्या भोवतीच्या शिरा पिवळ्या बलकातून अन्न ओढतायत."

सगळा वर्ग त्या एवढ्याशा पडद्यावर वाकला. सरसुद्धा चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. एवढीशी ती धडधड, पण प्रज्योत पुढचं लेक्चर विसरून तिचे ठोके मोजायला लागला.

"सोमवारपासून कायम," सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले.

फोनमधून हुंदका ऐकू आला. "आजपासून या घरात अंडं नाही, मासा नाही, काही नाही," कुंदाताई म्हणाल्या. सर मालवणचे. त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा टेबलावरच्या सुरमईकडे आणि मग हळूच विचारलं, "प्रज्योत, तुमच्याकडे रविवारी किती वाजता जेवतात रे?"

तेव्हापासून सर दर रविवारी वेसाव्याला हजर. लेकाच्या साहेबाला नाही कसं म्हणायचं? सगुणा तळलेली तुकडी वाढते आणि आत येऊन प्रज्योतला चिमटा काढते. "माजी चांगली रोजची गिऱ्हाईक गेली ती गेलीच, वर तिच्या नवऱ्याला मना फुकट जेवू घालावं लागतं. दुसरी नोकरी नाय का रे मिळत तुला?"