हवेतला हंडा

मूकाभिनयावर इतकं बोलणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आमच्या चारकोपच्या सोसायटीत मीटिंगला कोणी गप्प बसला आणि सेक्रेटरी म्हणाले, "काय हो, मूकाभिनय चाललाय का?" की शेजारचे परबकाका उसळलेच. "गप बसणा म्हणजे मूकाभिनय न्हय! नाय ती वस्तू लोकांका दिसाक व्हयी, तो मूकाभिनय!" मग अर्धा तास हवेतली कपाटं उघडून दाखवणार. उघडलेलं दार लावायचं, उचललेली वस्तू ठेवायची, नसलेल्या टेबलातून आरपार चालायचं नाही, हे त्यांचे कायदे. तरुणपणी कामगारांच्या नाटकांत कामं केली होती, त्यावर हा रुबाब.

यंदा सोसायटीच्या गणपतीत मुलांची मूकाभिनय स्पर्धा ठेवली आणि परीक्षक म्हणून यांनाच बसवलं. माझ्या ऋतुजाने पाणी भरणारी बाई केली. आठ दिवस आरशासमोर तयारी. टाळ्याही पडल्या. आणि हिला यांनी बाद केलं! का, तर डोक्यावरचा हंडा खाली न ठेवताच तिने वाकून नमस्कार केला.

"पाणी सगळा सांडला मां गो!" सगळ्यांसमोर म्हणाले. पोर रडत घरी आली.

माझं डोकं फिरलं. तशीच त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं.

"काका, सातवीतली पोर आहे ती! हवेतल्या हंड्यासाठी कोणी..." म्हणत मी तरातरा आत शिरले.

"गो सुमन, पलंग!" ते ओरडले.

मी थबकले. समोर नुसती फरशी. काकू तीन वर्षं तिथे अंथरुणाला खिळून होत्या. मे महिन्यात त्या गेल्या, तेव्हा तो भाड्याचा पलंग परत न्यायला टेम्पो मीच बोलावला होता. तेवढीच खोली मोकळी होईल म्हणून.

काका ओशाळले. "बस गो, चाय टाकतंय," म्हणत भिंतीला अंग घासत, वळसा घालून स्वयंपाकघरात गेले. कपबशा घेऊन त्याच वाटेने परत आले. उशाशी पाऊल जरा हळू पडलं.

चहा प्यायले. भांडण राहूनच गेलं. निघताना मीही भिंतीच्या कडेने आले.

घरी ऋतुजा फुरंगटून बसली होती. "भांडलीस ना गं त्यांच्याशी?"

"ते नंतर," मी म्हटलं. "आधी तो हंडा खाली ठेव."