ओळ हलता कामा नये

"शब्द मोजायचेत? पाच ओळींचा प्रोग्राम, बाबा! चहा गाळून होईपर्यंत आकडा हातात!" जावयाने बाह्या सरसावल्या. खरं तर तो सॉफ्टवेअरच्या कटकटीला वैतागून रविवारी दुपारी सासुरवाडीला झोपायला आला होता. गपचूप झोपला असता, तर पुढचं काही झालंच नसतं.

सासरे निवृत्त टंकलेखक. छत्तीस वर्षं साहेब सांगतील ते टाइप केलं. आता कार्यालयाच्या स्मरणिकेसाठी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं असं काही लिहिलं होतं. पाचच्या आत पाठवायचं होतं आणि संपादकांनी बजावलं होतं, पाचशेच्या वर एक शब्द जरी गेला, तरी लेख टोपलीत!

प्रोग्रामने फाइल वाचली. सातशे बारा.

"इतके?" सासऱ्यांचा चेहरा पडला.

"यंत्र खोटं बोलत नाही, बाबा. कापा. सेव्ह करा, फाइल बंद करा, मी परत मोजतो."

"अहो, मी काय म्हणते..." कपड्यांच्या घड्या घालता घालता सासूबाई म्हणाल्या.

"आई, एक मिनिट!"

सासऱ्यांनी मन घट्ट करून मोठ्या साहेबांचा परिच्छेद काढला. आकडा आला नऊशे चाळीस!

"काढलात ना नक्की?"

"अहो, समूळ काढला!"

मग पहिला टाइपरायटर गेला. अकराशे साठ! सासऱ्यांनी चोरून बायकोकडे पाहिलं.

"काढा, मलाही काढा," सासूबाई म्हणाल्या. "सवय आहे मला."

त्याही गेल्या. आकडा आणखी फुगला. चार वाजले तेव्हा लेखात तळाशी फक्त 'आपला नम्र टंकलेखक' एवढंच शिल्लक होतं आणि प्रोग्राम म्हणत होता, दोन हजार सहाशे. जावयाचे डोळे मिटायला लागले होते.

"आता 'नम्र' काढतो," सासरे थकून म्हणाले.

या वेळी जावई पहिल्यांदाच शेजारी जाऊन बसला. सासऱ्यांनी 'नम्र' पुसलं आणि रिकामी जागा भरेपर्यंत मोजून स्पेसबार ठोकला. टक्, टक्, टक्.

"हे काय करताय?"

"ओळ हलता कामा नये! छत्तीस वर्षांत माझी एक ओळ हललेली नाही."

जावयाचा प्रोग्राम प्रत्येक स्पेसला एक शब्द संपला असं धरत होता, मग दोन स्पेसच्या मध्ये अक्षर असो वा नसो. परिच्छेदाच्या सुरुवातीला दहा स्पेस सोडायची सासऱ्यांची शिस्त, त्यामुळे पहिला आकडासुद्धा खोटाच! त्याने 'नम्र' परत घातलं, प्रोग्राममधली एक ओळ बदलली. उत्तर आलं, तीन.

"मग मुळात होते तरी किती?"

"चारशे एकोणनव्वद," सासूबाई म्हणाल्या. "सकाळी हे वाचून दाखवत होते आणि मी मटार सोलत होते. शब्दाला एक दाणा बाजूला टाकला. मघापासून तेच सांगतेय!"

जावयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाबा, तुम्हाला आठवत असेल ना सगळं?"

"टंकलेखकाच्या डोक्यात काही राहत नाही हो. बोटांतून निघून जातं."

सासूबाईंनी घड्या बाजूला ठेवल्या, खुर्ची ओढली. "मला आठवतंय. आठवडाभर दुसरं ऐकलंय काय मी? घ्या, मी सांगते."

सासऱ्यांची बोटं आपोआप कळफलकावर गेली. पाचला दोन मिनिटं कमी असताना लेख रवाना झाला. मग सासऱ्यांनी तो सावकाश वाचला. पहाटे उठून डबा कोणी भरला, शाईचे डाग कोणी धुतले, पाठीला तेल कोणी चोळलं. पुन्हा एकदा वाचला.

"अगं, यात मी कुठे आहे?"

"आहात की," सासूबाई परत घड्या घालू लागल्या. "सगळ्यात खाली. आपला नम्र टंकलेखक!"