सावे सरांची गाठ

आमच्या सावे सरांना झेंडा स्कूटरच्या डिकीत ठेवलेला चालत नाही. "पान्याच्या आणि मळक्या फडक्याच्या शेजारी? राऊत, जनाची नाही तर मनाची तरी!" असं म्हणून ते घडी केलेला तिरंगा दोन्ही तळहातांवर धरून माझ्या मागे बसतात. मग मला धरायला हात उरतो कुठे? डहाणूहून तलासरीपर्यंतचे खड्डे आणि मागे सत्तरी ओलांडलेला माणूस नुसत्या देशभक्तीवर तोल सांभाळतोय! माझा जीव मुठीत. मी रेल्वेतला साधा माणूस, सरांचा शेजारी आणि त्यात स्कूटरवाला, म्हणून वर्षातून दोनदा ही सेवा माझ्या माथी.

सर निवृत्त पी.टी. शिक्षक. झेंड्याची घडी घालायची, आत झेंडूच्या पाकळ्या भरायच्या आणि एका झटक्यात सुटेल अशी गाठ मारायची, यात त्यांचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नव्हता. चिखल्यापासून पार तलासरीपर्यंतच्या शाळा त्यांना बोलवायच्या. पाहुणा कितीही मोठा असो, दोरी हातात देताना सर बजावणारच, "हिसका नको. प्रेमाने ओढा." सव्वीस जानेवारीला कुणी चुकून 'ध्वजारोहण' म्हणालं की संपलंच. "आरोहण पंधरा ऑगस्टला! आज नुसता फडकवायचा!" असं माइकवरून ऐकवून ते मुख्याध्यापकांचा चेहरा पाडायचे.

बरं, हे वेड झेंड्यापुरतं असतं तरी चाललं असतं. विवळवेढ्याच्या जत्रेत लोक महालक्ष्मीला हात जोडतात, आमचे सर डोळ्यांवर हात धरून गडावरच्या ध्वजाकडे बघतात आणि म्हणतात, "हं, बरी मारलीय गाठ." आमच्या अंगणातली कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा त्यांनी दोनदा सोडून पुन्हा बांधली. बायको म्हणाली, "बांधू दे हो. घरात बोलायला माणूस नाही त्यांच्या." सावे वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती.

त्यांची एकच फुशारकी. कुणी थट्टेने विचारलं, "सर, कधी उलटा नाही ना लागला?" की छाती काढून म्हणायचे, "माझ्या हातून? स्वप्नातसुद्धा नाही!"

आणि दोन हजार अठराच्या पंधरा ऑगस्टला तो लागला.

तलासरीकडच्या एका पाड्यावरची शाळा. त्या पाड्याच्या शेतांतून मोठा रस्ता जाणार होता. मोजणीवाले येऊन भाताच्या खाचरांत दगड रोवून गेले होते आणि लोक भडकलेले. सरांनी झेंडा बांधला आणि आम्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत चहाला बसलो. मग पाहुणे आले, दोरी ओढली. प्रेमानेच ओढली हो! झेंडा वर चढला, पाकळ्या पडल्या, टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच थांबल्या. हिरवा वर, केशरी खाली.

पाहुणे ओरडले, "कोणी बांधला? देशद्रोह आहे हा! पोलिसांना बोलवा!"

गर्दीतून एक मुलगी पुढे आली. सुनीता. सर झेंडा बांधायला येत तेव्हा त्यांच्याकडून गाठ शिकलेली, आता कॉलेजात जाणारी. ती तोंड उघडणार एवढ्यात सर म्हणाले, "मी बांधला."

आणि सरळ पाहुण्यांपुढे जाऊन उभे राहिले.

"वय झालं. नजर गेली. मुद्दाम केलं तर गुन्हा, साहेब. म्हाताऱ्याची चूक झाली तर नाही. बोलवा हवं तर पोलिसांना." एवढं बोलून त्यांनी झेंडा उतरवला, सुलटा बांधून वर चढवला आणि सगळ्यांआधी सलाम ठोकला. सरांनी बांधला हे सगळ्यांनी पाहिलंच होतं. पाहुणे पुटपुटत खुर्चीत बसले.

स्कूटरपाशी सुनीताने आम्हाला गाठलं. पोरगी संतापाने लाल झालेली.

"सर, चूक नव्हती ती. तुम्ही चहाला गेलात तेव्हा मी सोडून बांधला. मुद्दाम."

"माहीत आहे. उलटा मी बांधत नाही, आणि गाठ तर माझीच होती, मीच तुला शिकवलेली."

"मग खोटं का बोललात? मला बोलायचं होतं! आमच्या शेतात दगड रोवले, कुणी विचारलं नाही."

"मग बोल की! सरकारला शिव्या घाल, मोर्चा काढ, काळा झेंडा लाव. कोण अडवतं? पण तिरंगा काय मोजणीवाल्यांच्या घरचा आहे? तुझाही आहे ना गं तो!"

"काळे झेंडे लावले होते, सर. कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. आज एका मिनिटात सगळे दचकले."

परतीच्या वाटेवर रिकामे हात असूनही त्यांनी मला धरलं नाही. फक्त आमच्या गल्लीत वळताना म्हणाले, "दचकले, हे मात्र खरं."

झालं! सरांची नजर गेली, ही बातमी शाळाशाळांतून पसरली. पुढची सव्वीस जानेवारी जवळ आली तरी एक फोन नाही. मला भारी वाईट वाटलं. सणाच्या दिवशी पहाटे बघतो तर सर कांजीचे कडक पांढरे कपडे घालून ओट्यावर बसलेले. मांडीवर घडी केलेला झेंडा.

"सर, कुठे जायचंय?"

"कुठे नाही. सवय."

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. सुनीता. "सर, चला. उशीर होतोय."

"मी? तुमच्या शाळेत? तिथे तर माझी नजर गेलेली आहे."

"काही गेलेली नाही. गाठ कोणाची होती ते काल मी गावसभेत उभी राहून सांगितलंय. मुख्याध्यापकांसमोर."

सर झटकन उठले आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांनी तोंडावर पाणी मारलेलं होतं.

पाड्यावर पोचलो. शाळेच्या मैदानात झेंड्याचा खांब. कुंपणापलीकडे, रोवलेल्या दगडाशेजारी, बांबूवर एक काळं निशाण. आता सर भडकणार, असं मला वाटलं. सरांनी आधी तिरंगा बांधला, दोनदा तपासला. मग कुंपण ओलांडून तरातरा काळ्या निशाणापाशी गेले. गाठ चाचपली आणि कडाडले, "सुनीता! ही काय गाठ आहे? बुटाची नाडी बांधलीस?"

"घाईत बांधली, सर."

"निषेध घाईत करतात? वारा आला की पडेल. सगळ्यांना दिसायला नको?" त्यांनी ती गाठ सोडली आणि आपल्या हाताने पक्की बांधली.

मग मैदानात येऊन मुख्याध्यापकांच्या हातात दोरी दिली. "हिसका नको. प्रेमाने ओढा."

पाकळ्या पडल्या. केशरी वर, हिरवा खाली. सरांनी छाती काढली.

"माझ्या हातून उलटा? स्वप्नातसुद्धा नाही!"

सुनीता हसत हसत डोळे पुसत होती. पाकळी गेली डोळ्यात, म्हणाली.